मोख्याच्या बाजारातला मुलगा

प्रोजेक्ट द्यायचा दिवस अगदी उंबऱ्यावर आला की मगच मुलांना त्याची आठवण होते. आमच्या लेकीचंही तसंच. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर ही दोन पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात हजर. विषय होता मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला आणि दख्खनचा कर्ता पुरुष झाला, तो. अडचण एवढीच होती की एका पुस्तकात लिहिलं होतं, त्याला मोख्याच्या बाजारात वीस डुकाटांना विकलं, आणि दुसऱ्यात होते ऐंशी गिल्डर. आता यातला कोणता आकडा लिहू, असं तिचं विचारणं.

मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणून गेले, कोणताही लिही गं, कोण बघतंय एवढं!

बोलून गेले खरी, पण रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आपण बाजारात मेथीची जुडी घेताना दहा की पंधरा म्हणून घासाघीस करतो, आणि एका माणसाच्या किमतीबद्दल मी म्हणाले, कोणताही लिही! मीही इतिहास घेऊनच बी.ए. झाले आहे. लग्न होऊन चिंचपाड्याला आले आणि पुस्तकं माळ्यावर गेली, ते सोडा. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. सर आता खूप थकलेत, पण आवाज तोच. त्यांनी सांगितलं, पुस्तकातला मजकूर नंतर वाच, आधी पानाच्या तळाशी बघ. बारीक अक्षरात तळटीप असते. हे वाक्य लेखकाने कुठून घेतलं, ते तिथे कळतं. मग त्या पुस्तकाकडे जा, त्याचीही तळटीप बघ. असं करत करत विहिरीच्या तळाला पोचायचं. वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? गावोगाव हिंडून लोकांच्या घरातले जुने कागद शोधले, आणि म्हणूनच आज धुळ्याला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं आहे.

मग काय, दोन-तीनदा नंदुरबारला वाचनालयात गेले, मुलीच्या मोबाईलवर जुनी पुस्तकं चाळली, सरांना दर आठवड्याला फोन. प्रोजेक्ट देऊन झाला तरी माझं चालूच होतं. आमचे हे चेष्टा करायला लागले की परीक्षा मुलीची आहे की तुझी. या खटाटोपात मला जो मलिक अंबर भेटला, तो आज तुम्हाला सांगते, मैत्रिणींनो.

त्याचा जन्म साधारण १५४८ चा. इथिओपियाच्या दक्षिणेला कंबाटा म्हणून मुलूख आहे, तिथला. लहानपणचं नाव चापू. काही पुस्तकांत ते शंबू असं येतं. फारसी लिपीत टिंब इकडचं तिकडे झालं की नाव बदलतं, असं सर म्हणाले. म्हणजे बघा, पोराचं नावसुद्धा धड आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

त्याला विकलं कोणी? विजापूरच्या आदिलशाहीचा एक फारसी इतिहास आहे, फुतूहात-इ-आदिलशाही. फुजूनी अस्त्राबादी नावाच्या लेखकाचा. आईबापांनीच विकलं, ही गोष्ट त्यात सापडते. पुढच्या बहुतेक पुस्तकांनी ती तिथूनच उचलली. पण का विकलं? दुष्काळ होता, की कर्ज होतं, की आणखी काही? मला तर पहिल्यांदा त्या आईचाच विचार आला. तिचं नाव कुठेच नाही. एका ओळीत आईबाप म्हणून ती येते आणि मुलाला विकून निघून जाते.

तिथून तो तांबड्या समुद्राच्या पलीकडे, येमेनमधल्या मोखा बंदरात आला. कॉफीमुळे पुढे जगभर नाव झालं तेच हे मोखा. तिथे त्याची बोली लागली. त्या किमतीची गोष्ट पुढे सांगते. मग बगदाद. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाच्या हाती तो पडला. या मालकाने पोराची हुशारी ओळखली, त्याला शिकवलं, मुसलमान करून घेतलं आणि नवीन नाव ठेवलं, अंबर. अंबर म्हणजे एक किमती सुगंधी पदार्थ. गुलामांना अशी अत्तरांची, रत्नांची नावं द्यायची पद्धतच होती. काफूर, याकूत, अंबर. नाव सुंदर, पण ठेवणारा मालक!

हे वाचताना मी क्षणभर थांबले. आपल्याकडेही लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचं नवीन नाव लिहितात. मी माहेरी एका नावाची, सासरी दुसऱ्या. माझी आणि त्याची तुलना होऊच शकत नाही, मला वाजतगाजत आणलं होतं आणि त्याला विकत. पण जुनं नाव मागे ठेवून यायचं म्हणजे काय, ते आपल्याला जरा तरी कळतं.

१५७० नंतरच्या वर्षांत तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. आणि गंमत अशी, की हा चंगीजखान स्वतःही एकेकाळी हबशी गुलामच होता! त्याच्या पदरी हजारभर हबशी होते, त्यातलाच एक अंबर. आपल्याला वाटतं गुलाम म्हणजे साखळदंड आणि शेतावरची मजुरी. दख्खनच्या सुलतानांना मात्र सैनिक हवे असत. परक्या देशातून आलेला पोरगा, इथे त्याला ना भाऊबंद ना सोयरे, तो मालकाशीच एकनिष्ठ राहणार, हा त्यांचा हिशेब. मालक गेला की असे शिपाई बहुतेक मोकळे होत आणि स्वतःच्या हिमतीवर वर चढत.

चंगीजखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. त्या बाईचंही नाव मला कुठे मिळालं नाही. म्हणजे ज्या बाईने जन्म दिला ती बिनावाची, आणि ज्या बाईने स्वातंत्र्य दिलं तीही बिनावाची. विकणाऱ्या-विकत घेणाऱ्या पुरुषांची नावं मात्र व्यवस्थित लिहून ठेवलेली.

मोकळा झाल्यावर त्याने लग्न केलं. बायकोचं नाव करीमा. हे नाव टिकलं, कारण खुलताबादला तिची कबर आहे. पुढची वीसेक वर्षं तो विजापूरकडे चाकरीत होता, तिथेच मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास दीडशे घोडेस्वार घेऊन तो अहमदनगरला परत आला. तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं! आपण चाळिशी ओलांडली की म्हणतो, आता काय राहिलं आपलं. या माणसाचं सगळं कर्तृत्व त्यानंतरचं आहे.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबीही त्याच धामधुमीत गेली. निजामशाही बुडाली असंच सगळे समजले. अंबरने राजघराण्यातला एक वंशज शोधून त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्याला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभं केलं. मोगलांची फौज मोठी, तोफा मोठ्या. याने समोरासमोर लढायचं टाळलं. हलके घोडे, डोंगराळ वाटा, रात्रीचे छापे, शत्रूची रसद तोडायची. त्याच्या या फौजेत मराठे सरदार होते. मालोजी भोसले निजामशाहीचेच, त्यांचे चिरंजीव शहाजीराजे अंबरच्या हाताखाली लढले. गनिमी कावा म्हटलं की आपल्याला महाराज आठवतात, पण त्यांच्या वडिलांनी ही लढाई कोणाबरोबर राहून पाहिली, ते आपण विसरतो.

१६१० मध्ये खडकी या गावाला त्याने राजधानी केली. तेच पुढे फत्तेहनगर, मग औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने पाणी आणलं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून, जागोजाग उच्छ्वास ठेवून शहरात खेळवलं. नहर-ए-अंबरी. तिचे अवशेष आजही दाखवतात. हंडे वाहणाऱ्या बाईला विचारा, राजा कोणता चांगला. किल्ले बांधणारा नाही सांगणार, पाणी आणणारा सांगेल!

आणि शेतसारा. आधी सारावसुलीचा इजारा दिला जाई, इजारदार मनाला येईल तसं लुटत. अंबरने ते बंद करून जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. जुन्या कागदांत मलिकंबरी धारा हा शब्द येतो तो याचाच. शिवाजी महाराजांच्या काळातल्या व्यवस्थेलाही त्याचा आधार झाला.

१६१६ मध्ये मोगलांनी त्याचा मोठा पराभव केला, खडकी जाळली. त्याने परत बांधली. जहांगीर बादशहाचा तर त्याच्यावर इतका राग, की आपल्या आठवणींच्या ग्रंथात तो त्याला शिव्याच देतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतलं. भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय! प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला अंबरने तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल व विजापूर दोघांच्या फौजा एकदम हरवल्या. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. मे १६२६ मध्ये अंबर गेला, ऐंशीच्या घरात असताना. जहांगीरच्याच दरबारातल्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूनंतर मोकळ्या मनाने त्याचं कौतुक लिहून ठेवलं. शत्रूच्या घरचं कौतुक ते! खुलताबादला त्याची कबर आहे.

आता किमतीची गोष्ट. तळटिपा उलगडत गेले तेव्हा वाट एका डच माणसापाशी गेली. पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाचा व्यापारी. १६१७ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर डच जहाजं फुटली. तेव्हा तो माणसं घेऊन जमिनीवरून मछलीपट्टणला निघाला आणि वाटेत मलिक अंबरला भेटला. त्याने रोजनिशीत हे लिहून ठेवलं. ती रोजनिशी डच भाषेत १९६२-६३ मध्ये छापून आली. आपल्याकडच्या पुस्तकांत येणारी किंमत फिरत फिरत तिथून आलेली. सरांनी हिशेब करून दाखवला. त्या काळी एक डुकाट साधारण चार गिल्डरच्या आसपास. म्हणजे वीस डुकाट आणि ऐंशी गिल्डर एकच झाले! कोणीतरी नाणं बदलून लिहिलं, पुढच्यांनी न विचारता उतरवलं, आणि माझ्या लेकीला वाटलं दोन किमती आहेत.

पण याच रोजनिशीतून आलेली आणखी एक गोष्ट वाचून मात्र मी हादरले. मुर्तजाची एक इराणी बायको होती. तिने अंबरच्या मुलीला काळी गुलाम म्हणून हिणवलं. मुलीने बापाकडे निरोप धाडला. आणि त्यानंतर विषप्रयोग होऊन ती राणी आणि सुलतान दोघंही गेले, असं या व्यापाऱ्याने ऐकलेलं लिहिलं आहे. सुलतानाच्या लहानग्या मुलाला मग गादीवर बसवलं. ऐकीव गोष्ट, तेव्हा किती धरायची ते आपण ठरवावं. पण एवढं खरं, की पन्नास वर्षांपूर्वीची ती बोली त्या घराची पाठ सोडत नव्हती. तो राज्य चालवत होता, तरी लेकीला ऐकावं लागलं ते बापाच्या विक्रीबद्दलच.

आणि कौतुकाच्या भरात आणखी एक गोष्ट लपवायला नको. त्याच्या फौजेतले हजारो हबशीही बहुतेक असेच विकले जाऊन आलेले होते. विकला गेलेला मुलगा मोठा झाला, पण बाजार बंद झाला नाही.

त्या फौजेचा आकडा कुठून आला ते शोधताना मला सगळ्यात मोठा धक्का बसला, पण आनंदाचा. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला. अंबरपाशी दहा हजार त्याचे हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत, असं त्याने लिहिलं. आणि तो गेला कुठून? आपल्या नंदुरबारवरून! नंदुरबारचा किल्ला, तलाव, कबरी यांची त्याने नोंद केली आहे. आमच्या घरामागून सुरत-भुसावळ रेल्वे धडधडत जाते. चारशे वर्षांपूर्वी याच बाजूने तो घोड्यावर किंवा गाडीत बसून गेला असेल. जगभरातल्या पुस्तकांत जी तळटीप येते तिची वाट आपल्या दारावरून जाते, हे वाचून मी वाचनालयातच मोठ्याने हसले. शेजारची मुलं बघायला लागली.

सर सांगत होते, अटलांटिक समुद्रातून अमेरिकेकडे नेलेल्या गुलामांचा हिशेब बराचसा लागतो. सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली, कारण जहाजांच्या वह्या शिल्लक आहेत. आपल्या बाजूच्या समुद्रातून जी आली त्यांच्या एवढ्या वह्या नाहीत. एखादी रोजनिशी, एखादी कबर, एखादी ओळ. म्हणून ती ओळ जपून वाचायची, आणि कोणी लिहिली तेही बघायचं. विकत घेणाऱ्याने लिहिली की विकला गेलेल्याने? मलिक अंबरने स्वतःच्या बालपणाबद्दल लिहिलेलं एक पानही माझ्या वाचनात आलं नाही.

इथे मला माझीच वही आठवली. आमच्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पावसाळ्यात घरात दाणे नसतात, तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग नवरा-बायकोचा एक कोयता होऊन ती फेडायची. सहा महिने पालावर, लेकरं सोबत, शाळा बुडते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी तोच मुकादम. पाड्यावरची एक बाई मला म्हणाली होती, आम्ही घेतले पंचवीस हजार, त्याच्या वहीत निघाले बत्तीस. माझ्यापाशी काही पुरावा आहे का, असं तिने विचारलं. कारण बचतगटाचं काम करताना कोण जातं, कोण येतं याची एक वही मीच ठेवत होते.

मी ती वही काढली होती. त्यात तिच्या नवऱ्याचं नाव होतं, गाव होतं. उचलीचा आकडा नव्हता, तारीख नव्हती. आणि तिच्या जागी मी लिहिलं होतं, पत्नी. एवढंच. त्या पानावर सगळ्याच बायका पत्नी होत्या. ती काही बोलली नाही, पदर सावरून निघून गेली. त्या वर्षी तिला बत्तीसच फेडावे लागले. कोणी दुसऱ्याने असं केलं असतं तर मी भांडले असते. ही वही माझ्याच अक्षरातली होती.

चापूच्या आईचं नाव ज्याने लिहिलं नाही त्या माणसावर मी इतके दिवस मनातल्या मनात रागावत होते. आणि मी काय वेगळं केलं?

या पावसाळ्यात आम्ही नवीन वही केली. मी आणि माझी लेक. पाड्यापाड्यावर बसून लिहिली. बाईचं नाव, माहेरचं नावसुद्धा, मुलांची नावं, उचल किती, कोणत्या तारखेला, कोणासमोर, मुकादम कोण. त्याच मजकुराचं एकेक पान प्रत्येकीला दिलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा वाचून दाखवलं. एका म्हातारीने आपलं लहानपणचं नाव सांगितलं तेव्हा तिच्या सुनांनाही ते पहिल्यांदाच कळलं. सगळे खूप हसले. मग ती बराच वेळ तेच नाव पुटपुटत बसली.

ती बत्तीस हजारवालीही आली होती. तिने आपलं पान घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं, आणि जाताना मला विचारलं, यंदा माझं नाव लिहिलंस ना? लिहिलं, असं मी सांगितलं. तिने परत पान उघडून, कोणतं अक्षर तिचं, ते बोट ठेवून दाखवायला लावलं.

लेकीच्या प्रोजेक्टमध्ये किमतीखाली आता एक छोटी तळटीप आहे. वीस डुकाट म्हणजेच ऐंशी गिल्डर, आणि हा आकडा कुठून आला ते. त्याखाली तिने स्वतःहून आणखी एक ओळ घातली आहे, की आईचं नाव नोंदलेलं नाही. तेवढ्यासाठी सरांनी तिला एक मार्क जास्त द्यावा, असं माझं मत आहे!